उल्हास नदीवरील सायंकालीन नौकाविहार : भरतीची सीमा आणि पाण्यावरील दिवा

नदीकाठच्या प्राचीन नगरातून सायंकाळी नावेत बसून, कंदिलाच्या उजेडात, काठाकाठाने संथ पाण्यावरून जावे ही कल्पना रम्य आहे. आणि ती केवळ कविकल्पना नव्हे. वाराणसीस गंगेवर, पणजीस मांडवीवर, व्हिएतनाममधील होई आन या जुन्या बंदरात थू बोन नदीवर अशा फेऱ्या नित्य होत असतात. उल्हास नदीच्या खोऱ्यातील नगरांकडे पाहिले असता हाच प्रश्न सहज मनात येतो. उल्हासनगराच्या नावातच नदी आहे. अंबरनाथचे शिवालय वालधुनीच्या काठी अकराव्या शतकापासून उभे आहे. बदलापूर तर प्रत्यक्ष उल्हासच्या तीरावर वसलेले आहे. असे असता या तिन्ही ठिकाणी नौकानयनाची म्हणण्यासारखी परंपरा दिसत नाही; उलट त्यांच्याच शेजारचे कल्याण सुमारे दोन सहस्र वर्षांपासून बंदर म्हणून विख्यात आहे. एकाच नदीच्या काठी, इतक्या थोड्या अंतरात, हा भेद कशामुळे पडला?

या भेदाचे कारण नदीच्या नावात किंवा नगराच्या प्राचीनत्वात शोधून सापडणार नाही. ते भरतीच्या पाण्यात आहे. उल्हासवर नाव चालते ती समुद्राच्या पाण्याने, आणि ते पाणी जेथे थांबते तेथे नावही थांबते. त्या सीमेच्या खाली दिवा नावेवर असतो. सीमेच्या वर तो काठावर किंवा द्रोणात असतो. प्रस्तुत लेखात हे विधान स्पष्ट करण्याचा आणि त्यावरून आजच्या नियोजनास काय बोध घेता येईल ते पाहण्याचा विचार आहे.

१. नदीचे दोन खंड

उल्हास नदी लोणावळे-खंडाळ्याच्या बाजूस, राजमाचीच्या परिसरात, सह्याद्रीच्या कड्यावरून खाली उतरते. कोंडाणे येथील बौद्ध लेणी तिच्या या आरंभीच्या दरीतच आहेत. तेथून कर्जत, नेरळ, वांगणी व बदलापूर अशी ती वाहत येते. बदलापूरच्या पुढे तिला बारवी मिळते, आणि कल्याणजवळ काळू मिळते. या काळूने तत्पूर्वी भातसेचे पाणी आपल्यात सामावून घेतलेले असते. कल्याणच्या पुढे तिला कोणी सहसा नदी म्हणत नाही. लोकांच्या तोंडी ती खाडी होते. ठाण्याच्या उत्तरेस मुख्य पात्र पश्चिमेस वळून घोडबंदरावरून वसईजवळ समुद्रास मिळते, तर एक अरुंद व उथळ फाटा दक्षिणेस ठाण्याच्या खाडीतून मुंबई बंदरात उतरतो. नदीची एकूण लांबी सुमारे १२२ कि.मी. मानली जाते.

लोकभाषेतील ‘नदी’ आणि ‘खाडी’ हा भेद भूगोलाच्या अभ्यासकाने काळजीपूर्वक ध्यानात घ्यावा, कारण तो शास्त्रीयदृष्ट्या अचूक आहे. वरच्या खंडात पाणी एकाच दिशेने वाहते. तळाशी दख्खनच्या बेसॉल्टचा कातळ आहे. पात्रात ठिकठिकाणी खडक उघडे पडतात, त्यांच्यामध्ये डोह असतात आणि डोहांच्या दरम्यान गुडघाभर पाण्याचे उतार असतात. अशा पात्रात एका डोहापुरती होडी फिरेल, किंवा या काठावरून त्या काठास माणसे नेणारी तर चालेल. परंतु माल भरलेली नाव मैलोगणती जाऊ शकणार नाही. पावसाळ्यात पाणी वाढते खरे, परंतु त्याबरोबर वेगही इतका वाढतो की वल्हे आणि सुकाणू दोन्ही निरुपयोगी ठरतात. म्हणजे उन्हाळ्यात खोली नाही आणि पावसाळ्यात स्वस्थता नाही, अशी या खंडाची स्थिती आहे.

येथे एका मानवकृत बदलाची नोंद करणे अवश्य आहे. १९२२ साली भिवपुरी येथील जलविद्युत् केंद्र सुरू झाले. घाटमाथ्यावरील आंध्रा नदीचे पाणी अडवून ते नळांतून पश्चिमेस उतरवावयाचे आणि वीजनिर्मितीनंतर उल्हासच्या खोऱ्यात सोडावयाचे, अशी ही योजना आहे. आंध्रा ही मूळची इंद्रायणी-भीमेच्या द्वारा कृष्णेच्या कुळातील नदी. तिचे पाणी निसर्गतः बंगालच्या उपसागरास जावयाचे. तेव्हा वैशाखात बदलापूरच्या पुलावरून जे वाहते पाणी दिसते, त्यात घाटापलीकडून आणलेल्या पाण्याचा वाटा मोठा असतो. या पाण्यामुळे उल्हास बारमाही झाली. परंतु बारमाही होणे आणि नाव्य होणे या दोन गोष्टी भिन्न होत. प्रवाह मिळाला म्हणून कातळ खाली जात नाही.

खालच्या खंडाचे स्वरूप सर्वस्वी निराळे आहे. तेथे दिवसातून दोनदा समुद्र आत येतो आणि दोनदा परत जातो. तळाशी गाळ, काठास तिवरांची बने, आणि पात्राची रुंदी नदीच्या स्वतःच्या पाण्याच्या मानाने कितीतरी अधिक. नाविकास येथे वारा अनुकूल नसला तरी चालते. भरती त्यास वर नेते आणि ओहोटी खाली आणते. वल्हे केवळ नाव मध्यावर राखण्यापुरते मारावे लागते. वाफेच्या व तेलाच्या यंत्रांपूर्वीच्या काळात या फुकट मिळणाऱ्या शक्तीचे मोल काय असेल ते सांगावयास नको.

२. नावेचा शेवट, बैलाचा आरंभ

या दोन खंडांच्या सांध्यावर कल्याण वसले आहे, आणि त्याच्या इतिहासाची गुरुकिल्ली येथेच आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक नौकानयनग्रंथात कल्याणचा उल्लेख व्यापारी बंदर म्हणून येतो. तेथील व्यापारास पुढे राजकीय कारणाने अडथळा झाला आणि चुकून आलेली ग्रीक गलबते पहाऱ्यात भडोचेस नेली जात, असेही त्यात म्हटले आहे. कान्हेरीच्या लेण्यांतील लेखांत कल्याणच्या रहिवाशांनी दिलेल्या दानांची नोंद आहे. सहाव्या शतकात कॉस्मस याने कल्याणची गणना हिंदुस्थानच्या प्रमुख बंदरांत केली, आणि तेथून तांबे, शिसवी लाकूड व कापड बाहेर जाते असे नोंदवले.

समुद्रकिनाऱ्यापासून इतके आत असलेले गाव मोठे बंदर का व्हावे? नदी जेथवर समुद्रास आत येऊ देते तेथवर माल पाण्यातून न्यावा आणि त्यापुढेच बैलाच्या पाठीवर घालावा, हे अर्थशास्त्र सोपे आहे. कल्याणपासून नाणेघाटाने जुन्नरकडे, बोरघाटाने पुण्याकडे आणि थळघाटाने नाशिककडे वाटा फुटतात. तीन घाटांच्या वाटा आणि भरतीची सीमा ही एका ठिकाणी यावीत असा योग या किनाऱ्यावर विरळा. जेथे एक वाहन संपून दुसरे सुरू होते तेथे माल उतरावा लागतो. माल उतरतो तेथे वखार, जकात, धर्मशाळा आणि बाजार येतात. आणि अशा रीतीने नगर वाढते. १६७५ साली इंग्रज वैद्य जॉन फ्रायर मुंबईहून जुन्नरास गेला तो ठाण्यावरून कल्याणपर्यंत पाण्याने, आणि तेथून पुढे खुष्कीने. कल्याणच्या जुन्या वैभवाचे भग्नावशेष पाहून तो चकित झाला होता.

या बंदराची मर्यादाही त्याच भूगोलातून आली. १६५७ च्या ऑक्टोबरात कल्याण-भिवंडी हस्तगत झाल्यावर शिवाजी महाराजांनी येथील खाडीत लढाऊ नौका बांधण्यास आरंभ केला. मराठी आरमाराचा पाया येथे घातला गेला असे इतिहासकार मानतात. जागा आत असल्यामुळे सुरक्षित. परंतु समुद्रावर जाण्यास वाट एक तर वसईच्या मुखातून, नाही तर ठाण्याच्या फाट्यातून. ही दोन्ही नाकी त्या वेळी पोर्तुगीजांच्या हाती होती. आत येणारी भरती सर्वांची असली तरी मुख ज्याच्या ताब्यात तो खाडीचा धनी, हा धडा त्या काळच्या आरमाराने लवकरच घेतला आणि पुढील मोठी कामे उघड्या समुद्रकाठच्या दुर्गांकडे गेली.

कल्याणच्या बंदरपणास उतार लावला तो आगगाडीने. १८५४ च्या १ मे रोजी लोहमार्ग ठाण्यापुढे कल्याणपर्यंत आला, आणि १८५६ च्या १२ मे रोजी उल्हासच्या खोऱ्यातून खोपोलीपर्यंत पोहोचला. पुढे थळघाट व बोरघाट या दोन्ही बाजूंचे मार्ग कल्याणासच विभागले. म्हणजे सांध्याचे ठिकाण तेच राहिले, केवळ धक्क्याच्या जागी जंक्शन आले. अंबरनाथ व बदलापूर यांचे आधुनिक जीवन याच मार्गावर वाढले. त्यांनी नदीकडे पाठ फिरवली असे म्हणणे न्याय्य होणार नाही. नावेच्या दृष्टीने नदी त्यांच्याकडे कधी आलीच नव्हती.

३. भरतीचे गणित आणि सायंकाळ

सायंकालीन फेरीचा विचार करताना सामान्य माणसाच्या मनात प्रथम पौर्णिमा येते. चांदणे, भरलेली खाडी आणि कंदील असे चित्र तो रंगवतो. परंतु या किनाऱ्यावर हे चित्र सायंकाळी एकत्र येत नाही, आणि याचे कारण जाणून घेण्यासारखे आहे.

कोकण किनाऱ्यावर परंपरेने चालत आलेला एक नियम आहे : तिथीच्या अंकास तीनने गुणावे, चाराने भागावे, जो अंक येईल त्या तासास मुंबईच्या आसपास पूर्ण भरती असते. भरतीची वेळ दररोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. नियम तिथीमागे पाऊण तास धरतो, आणि तिथी सरासरीने सौर दिवसाहून किंचित लहान असल्यामुळे हे गणित व्यवहारास पुरते. आता पौर्णिमेचा अंक १५. त्यास तीन-चतुर्थांशाने गुणिता सव्वाअकरा येतात. म्हणजे पौर्णिमेस पूर्ण भरती दुपारी आणि मध्यरात्रीच्या सुमारास, आणि त्यामधील पूर्ण ओहोटी सायंकाळी पाच-साडेपाचच्या सुमारास. खाडीत वरच्या अंगास जावे तसतशी ही वेळ आणखी लांबते. त्यामुळे कल्याणच्या बाजूस पौर्णिमेच्या दिवेलागणीस साधारणतः उतरलेले पाणी आणि उघडा चिखल दिसावयाचा. त्यातही उधाणाचे दिवस असल्यामुळे पाणी सर्वाधिक उतरलेले असते. मुंबईस उधाणाच्या भरती-ओहोटीतील सरासरी अंतर साडेतीन मीटरांच्या आसपास, तर भांगाच्या दिवसांत ते दीड मीटरच्या आसपास असते.

अष्टमीचा अंक आठ. त्याची भरती सहाच्या सुमारास. एकादशीची सव्वाआठास. यावरून शुद्ध अष्टमीपासून एकादशीपर्यंतच्या चार तिथी सायंकालीन फेरीस अनुकूल ठरतात : पाणी चढते किंवा भरलेले असते, चंद्र सूर्यास्ताच्या वेळीच आकाशात वर आलेला असतो, आणि दिवस भांगाच्या जवळचे असल्यामुळे ओढ सौम्य असते. वद्य पक्षातील त्याच तिथींस पाणी तितकेच असले तरी चंद्र मध्यरात्रीच्या सुमारास किंवा त्यानंतर उगवतो, म्हणून काळोख असतो. खोलीचा लाभ मात्र भांगाच्या दिवसांत कमी मिळतो, हे विसरता कामा नये. उथळ खाडीत वर जावे तसतशी भरती थोडक्या वेळात चढते आणि ओहोटी दीर्घकाळ चालते, हा सामान्य नियमही येथे लागू पडतो. परतीस उशीर करणारी नाव गाळात रुतून बसते, आणि तिला पुढील भरतीची वाट पाहत तेथेच थांबावे लागते.

४. नावेवरील दिवा

‘कंदील’ हा शब्द मराठीत अरबी भाषेतून आला, आणि अरबीतील ‘किंदील’ शब्दाचे मूळ लॅटिन भाषेतील दिव्याच्या शब्दापर्यंत जाते. समुद्रावरील व्यापाराने मालाबरोबर शब्दही वाहून आणले, याचे हे एक लहानसे उदाहरण.

नावेवरील दिव्याचे प्रयोजन दोन प्रकारचे असते : पाहणे आणि दिसणे. वस्तुतः पहिले प्रयोजन दुय्यम आहे. काळोखास सरावण्यास मानवी डोळ्यास वीस ते तीस मिनिटे लागतात, आणि समोर प्रखर दिवा असला तर हा सराव क्षणात नाहीसा होतो. म्हणून नाळेवर मोठा कंदील टांगणे चित्रात शोभले तरी सुकाण्यावरच्या माणसास ते आंधळे करणारे असते. दिवा त्याच्या पाठीशी किंवा आडोशास असला पाहिजे. दुसरे प्रयोजन मुख्य होय : आपण येथे आहोत हे दुसऱ्या नावेस कळावे.

समुद्रावरील टक्कर टाळण्यासाठी १९७२ साली ठरलेल्या आंतरराष्ट्रीय नियमांत याची शिस्त बांधली आहे. यंत्राने चालणाऱ्या नौकेच्या डाव्या अंगास तांबडा आणि उजव्या अंगास हिरवा दिवा असावा, व प्रत्येकाचा उजेड समोरून बाजूकडे ११२½ अंशांत दिसावा. मागील पांढरा दिवा १३५ अंशांत दिसावा. या तिन्हींची बेरीज ३६० अंश होते, म्हणजे नौका कोणत्याही दिशेने दिव्यावाचून राहत नाही. समोर तांबडा व हिरवा दोन्ही दिसले तर नौका थेट आपल्याकडे येत आहे. केवळ तांबडा दिसला तर तिची डावी बाजू आपल्याकडे आहे. रंगांची ही भाषा काळोखात शब्दांवाचून समजते. वल्ह्याच्या होडीस नियम सवलत देतो : तिने हे दिवे लावले नाहीत तरी पांढऱ्या उजेडाचा विजेरी दिवा किंवा पेटता कंदील हाताशी ठेवावा आणि टक्कर टळेल अशा बेताने वेळीच दाखवावा. शेकडो वर्षांचा कोळ्याचा कंदील अशा रीतीने आधुनिक नियमात आपली जागा राखून आहे. याच नियमांत असेही म्हटले आहे की नेमून दिलेल्या दिव्यांशी घोटाळा होईल असे अन्य दिवे दाखवू नयेत. म्हणून तांबड्या-हिरव्या कागदी कंदिलांच्या माळा लावलेली होडी, जेथे अन्य नौका चालतात अशा खाडीत शोभेची नसून धोक्याची वस्तू ठरते. होई आनच्या फेऱ्यांत जे शोभते ते वसईच्या खाडीत तसेच उचलून आणता येणार नाही.

होई आनचे उदाहरण मात्र दुसऱ्या कारणाने उद्बोधक आहे. तेही नदीमुखाजवळचे, भरतीच्या टप्प्यातील बंदर. तेही पात्र गाळाने भरल्यावर मागे पडले आणि व्यापार जवळच्या दा नांगकडे गेला. व्यापार गेल्यामुळेच जुनी घरे पाडली गेली नाहीत, आणि १९९९ साली त्या गावाची जागतिक वारशात गणना झाली. कल्याणचा व्यापार बंदरातून गेला तो दूर न जाता आगगाडीच्या रूपाने त्याच गावात राहिला. गाव वाढले, आणि जुने थर नव्याखाली गेले. दुर्गाडीचा किल्ला खाडीकाठी उभा आहे. परंतु पाण्यावरून पाहता येईल अशी जुन्या नगराची सलग बाजू उरलेली नाही.

५. सीमेच्या वरचा दिवा

भरतीसीमेच्या वर आलो की दिव्याचे आणि पाण्याचे नाते पालटते. अंबरनाथचे शिवालय शके ९८२ म्हणजे इ. स. १०६० चे, त्याच्या शिलालेखात शिलाहार राजा मुम्मुणी याचे नाव आहे. मंदिराची भूमिज शैली, मंडपाच्या पातळीहून पुष्कळ खाली असलेले आणि पायऱ्या उतरून जावे लागणारे गर्भगृह, ही वैशिष्ट्ये अभ्यासकांस परिचित आहेत. हे मंदिर वालधुनीच्या काठी आहे. परंतु वालधुनी हा जवळच्या डोंगराळ भागातून येणारा लहान प्रवाह असल्यामुळे येथील भाविक नावेने आला नाही, पायीच आला. येथे पाणी स्नानास, अभिषेकास आणि दिवा सोडण्यास उपयोगी.

उल्हासनगराची कथा आणखी निराळी. दुसऱ्या महायुद्धातील लष्करी छावणीच्या जागी १९४७ नंतर सिंधमधून आलेले निर्वासित राहू लागले, आणि १९४९ च्या ८ ऑगस्ट रोजी तत्कालीन गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते या वसाहतीस नदीवरून उल्हासनगर हे नाव मिळाले. आलेले लोक सिंधूच्या काठचे होते. त्यांचे उपास्य झुलेलाल हे जलदैवत. त्यांची प्रतिमा पाण्यावर, माशावर आरूढ अशी दाखवतात. चेटीचंडाच्या उत्सवात ‘बहराणो साहिब’ सिद्ध करतात : ताटात कणकेचा दिवा, खडीसाखर, वेलदोडे, फळे, आणि मिरवणुकीनंतर ती ज्योत पाण्यास अर्पण करतात. सिंधू सोडून आलेल्या समाजाने नव्या प्रदेशात प्रथम जे शोधले त्यात पाणीही होते, हे या विधीवरून कळते. मराठी घरांतील कार्तिकी दीपदान आणि सिंधी घरांतील ही ज्योत एका नदीच्या काठी शेजारी आल्या. या खंडात नाव नाही. परंतु पाण्यावर दिवा आहे, आणि तो माणसाशिवाय जातो.

ज्या पाण्यास ही ज्योत अर्पण करावयाची ते कसे आहे, हा प्रश्न येथे टाळता येत नाही. अंबरनाथ व उल्हासनगर यांमधून जाणारी वालधुनी गेल्या काही दशकांत कारखान्यांच्या व वस्तीच्या सांडपाण्याने इतकी बिघडली आहे की तिला नदी म्हणावे की गटार, असा वाद होतो. २०१४ च्या नोव्हेंबरात या प्रवाहात सोडलेल्या रासायनिक द्रव्यामुळे विषारी वायू पसरला आणि उल्हासनगरातील शेकडो रहिवाशांना रुग्णालयात न्यावे लागले. मुख्य उल्हास नदीत अलीकडच्या वर्षांत वारंवार पसरणारी जलपर्णी हे पाण्यात सांडपाण्याची पोषकद्रव्ये मिसळत असल्याचे लक्षण होय. आणि हे पाणी तर बदलापूर, जांभूळ, मोहिली, शहाड या ठिकाणी उचलून लाखो लोकांस पिण्यासाठी दिले जाते. येथील नदीचा प्रथम हक्क पिणाऱ्याचा आहे. विहाराचा विचार त्यानंतरचा.

६. नाव आली ती पुराबरोबर

बदलापूरच्या परिसरात नावा मोठ्या संख्येने चाललेल्या अलीकडच्या काळात एकदा अवश्य दिसल्या. २०१९ च्या जुलैत, २६ तारखेच्या रात्री मुंबईहून कोल्हापूरकडे निघालेली महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर व वांगणी या स्थानकांच्या दरम्यान उल्हासच्या पुरात अडकली. एक हजाराहून अधिक प्रवासी भोवतालच्या पाण्यात रात्रभर गाडीतच राहिले, आणि २७ तारखेस राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाने रबरी नावांतून त्यांची सुटका केली. नौदल, वायुदल आणि स्थानिक लोकही साहाय्यास आले. सर्व प्रवासी सुखरूप बाहेर पडले.

या घटनेचा आपल्या विषयाशी संबंध सरळ आहे. १८५६ चा लोहमार्ग नदीच्या खोऱ्यातून नेला, कारण घाटाकडे जाण्यास सौम्य चढाची तीच वाट होती; आणि पुराचे पाणीही सौम्य चढाची तीच सपाटी शोधते. २००५ च्या २६ जुलैस याच खोऱ्याने असाच अनुभव घेतला होता. नदीकाठची पूररेषा आखणे, ती मोकळी ठेवणे आणि काठच्या गावांत नाव चालवू जाणणारी माणसे असणे, या गोष्टी विहारापुरत्या नाहीत. जेथे नौकानयनाची परंपरा नाही तेथे पुराच्या दिवशी नाव दुरून आणावी लागते, आणि त्यात काही घटका जातात.

७. समारोप

२०१६ च्या राष्ट्रीय जलमार्ग अधिनियमात वसईची खाडी व उल्हास नदी यांसह कल्याण-ठाणे-मुंबई हा १४५ कि.मी. लांबीचा मार्ग ५३ व्या क्रमांकाने नोंदलेला आहे, आणि २०२४ च्या फेब्रुवारीत वसई-भाईंदर अशी वाहने नेणारी फेरीबोट सुरू झाली. या खाडीवर पुन्हा नावा येत आहेत ही आनंदाची गोष्ट होय. परंतु अधिनियमात नाव आल्याने पात्राची खोली वाढत नाही. जो कोणी येथे सायंकालीन फेरी योजील त्याने तीन गोष्टी वेगळ्या ठेवाव्यात असे आम्हास वाटते.

पहिली, कल्याणच्या खाली, भरतीच्या खंडात, फेरी शक्य आहे. परंतु तिचे वेळापत्रक घड्याळावर न बसवता तिथीवर बसवावे लागेल, आणि दिवे शोभेच्या आधी नियमाचे असावे लागतील. दुसरी, बदलापूर-अंबरनाथ-उल्हासनगरच्या खंडात बंधाऱ्यामागील तुंबलेल्या पाण्यात यांत्रिक नाव चालवणे म्हणजे पिण्याच्या साठ्यात तेल सांडण्याचा धोका पत्करणे होय. तेथे काठाने पायी फिरावे, दिवा काठावर ठेवावा, आणि पाण्यास जे अर्पण करावयाचे ते कणकेचे व पानाचेच असावे. तिसरी, वालधुनीच्या काठी अंबरनाथच्या मंदिराशेजारी सायंकाळी उभे राहता यावे, इतके तरी ते पाणी स्वच्छ झाल्यावाचून बाकीच्या योजनांस अर्थ नाही.

पदव्युत्तर विद्यार्थ्यांस यातून काही क्षेत्रकार्य सुचावे. शुद्ध अष्टमी ते पौर्णिमा या आठ सायंकाळी कल्याणच्या खाडीकाठी पट्टी रोवून पाण्याची पातळी दर अर्ध्या तासाने टिपावी, आणि मुंबईच्या प्रसिद्ध भरतीकोष्टकाशी ताडून पाहावी. म्हणजे परंपरेच्या नियमात कल्याणसाठी किती वेळ मिळवावयाचा ते निश्चित कळेल. मोहिलीपासून खाली पाण्याचा खारटपणा मोजीत यावे. म्हणजे भरतीसीमा नकाशावर काढता येईल, आणि ती ऋतूनुसार किती सरकते हेही समजेल. काठच्या गावांतील वृद्ध नावाडी, तांडेल आणि रेती काढणारे यांच्याकडून बंदरांची, उतारांची व डोहांची जुनी नावे टिपून घ्यावीत. ती जाणणारी पिढी आता थोडीच उरली आहे. ही तीन कामे झाली तर सायंकाळी नाव कोठून सोडावी आणि ती कोठे परत फिरवावी, या प्रश्नास अनुमानाऐवजी मोजमापाने उत्तर देता येईल.